मनोऱ्यावरून घातलेली आरोळी

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही!" हे वाक्य घड्याळजींनी होणाऱ्या व्याह्यांना सकाळपासून इतक्या वेळा ऐकवलं होतं, की ते बिचारे आता नुसतीच मान डोलवत होते.

तसं ते खोटं नव्हतं. भिंगाखालची केसाएवढी स्प्रिंग घड्याळजी अचूक हेरायचे. पण रस्त्यापलीकडून सख्खा मेहुणा आला, तरी त्याला पोस्टमन समजून "आमचं काही आहे का?" असं विचारायचे! चष्म्याचं नाव काढलं की मात्र भडकायचे.

लेकीचं लग्न जमत आलं होतं. मुलाचे आईवडील घर बघायला आले होते आणि होकार संध्याकाळी कळवणार होते. तोवर छाप पाडावी म्हणून घड्याळजी पाहुण्यांना जुनी मोगल मशीद दाखवायला घेऊन गेले. खास या भेटीसाठी घेतलेले करकरीत तपकिरी बूट पायरीशी काढताना त्यांचा जीव नुसता खालीवर झाला.

व्याही निवृत्त मुख्याध्यापक. मनोऱ्याचा जिना बघूनच त्यांनी हात जोडले. "गुडघे नको म्हणतात. तुम्ही दोघं जाऊन या."

अंधाऱ्या, गोल जिन्यातून विहीणबाई तुरुतुरु चढल्या. मागून घड्याळजी भात्यासारखे फुसफुसत पोचले. वर मात्र दोघंही कठड्याला टेकून बघतच राहिले. खाली सोललेल्या कांद्यांसारखे पांढरेशुभ्र घुमट, लाल दगडाचं अफाट अंगण, त्यापलीकडे दाटीवाटीची घरं आणि गच्च्यांवर वाळणारे कपडे.

"ती बघा नदी! कशी चमकतेय!" घड्याळजी म्हणाले.

"पत्र्याची शेड आहे वाटतं ती," विहीणबाई हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात घड्याळजींची नजर खाली पायरीकडे गेली. कोणीतरी टोपीवाला वाकला, त्यानं तपकिरी बूट उचलले, काखेत मारले आणि चालू लागला!

"चोर! चोर! धरा त्या टोपीवाल्याला!"

आवाज असा घुमला, की घुमटावरची सगळी कबुतरं एकदम उडाली.

"अहो, ते तर आमचे..." विहीणबाई ओरडल्या.

"आमचेच! माझेच बूट आहेत ते! धरा!"

खाली 'चोर' ऐकून टोपीवाल्यानंही दचकून इकडेतिकडे पाहिलं आणि चोराला पकडायला तोच लंगडत धावत सुटला. काखेत बूट घेऊन!

"पळतोय बघा, मेला!" म्हणत घड्याळजी जिन्यात घुसले. खालून चढणारी माणसं, वरून उतरणारे हे. कुणाच्या ढेरीला ढेरी अडली, कुणाच्या पायावर पाय पडला. वाटेतल्या झरोक्यातून डोकावले, तर चोराला पहारेकऱ्यानं धरलं होतं. खालच्या झरोक्यातून पाहिलं, तर भोवती जत्रा जमली होती. आणि अगदी खालच्या झरोक्यातून दिसलं, की चोराची टोपी पडलीय आणि ते टक्कल चांगलं ओळखीचं आहे!

घड्याळजी उरलेल्या पायऱ्या घरंगळतच उतरले. बाहेर आले, तर व्याह्यांची बाही फाटलेली. जन्मभर दुसऱ्यांचे कान पिळलेल्या माणसाचा कान कोणीतरी पिळून लालबुंद केलेला!

"आलात! सांगा हो यांना मी कोण ते!" व्याही कळवळून म्हणाले. "उन्हानं तुमच्या नव्या बुटांचा रंग उडेल, म्हणून सावलीत ठेवायला निघालो होतो. तर वरून कोणी गाढव कोकललं!"

"गाढवच!" घड्याळजींच्या तोंडून निघून गेलं.

"कोण होतं? दिसलं का तुम्हाला?"

"नाही... म्हणजे... वर गर्दी फार होती."

मागून विहीणबाई शांतपणे उतरत होत्या. घड्याळजींना वाटलं, फरशी दुभंगावी आणि आपण बुटांसकट आत जावं. पण विहीणबाईंनी नुसतीच टोपी उचलली आणि झटकून नवऱ्याच्या हातात दिली.

संध्याकाळी व्याह्यांनी होकार दिला. वर म्हणाले, "माझ्यावर संकट आलं, तर हा माणूस अख्खा मनोरा धापा टाकत उतरला. असा व्याही मिळायला भाग्य लागतं!"

घड्याळजींनी खरं सांगायला तोंड उघडलं. समोर लेक आनंदानं लाजत उभी होती. त्यांनी तोंड मिटलं आणि मान जी खाली घातली, ती पाहुणे निघेपर्यंत वर केली नाही.

फाटकाशी विहीणबाई क्षणभर मागे रेंगाळल्या. "मी काही बोललेले नाही हं यांना."

"फार उपकार झाले, विहीणबाई!" घड्याळजींना रडूच फुटायचं बाकी होतं.

"उपकार कसले त्यात!" त्या गोड हसल्या. "एकदा लग्न पार पडू दे. मग निवांत सांगेन."