तांबेकाकांची एकच किल्ली

दाराला कुलूप लावून ते ओढून बघणारे पुष्कळ असतात. पण चौकापर्यंत जाऊन, परत येऊन, जिना चढून पुन्हा ओढणारे आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत एकटे तांबेकाकाच. वर आम्हालाच विचारणार, "हसताय काय? चोर काय कळवून येतो?"

आणि हेच गृहस्थ इंटरनेटवर वीजबिलापासून बँकेपर्यंत सगळीकडे एकच पासवर्ड वापरायचे. तोही एकेक अक्षर मोठ्याने म्हणत. सगळ्या जिन्याला तो पाठ होता! मी खराडीला आयटीत नोकरी करते, माझा जीव तुटायचा.

"काका, प्रत्येक खात्याला वेगळी किल्ली हवी हो."

"माणूस एकच आहे ना? मग किल्लीही एकच." संपला विषय.

मग काकांनी कुठल्याशा भविष्य सांगणाऱ्या साइटवर खातं उघडलं. पासवर्ड अर्थातच तोच. ती साइट फुटली, तिथले पासवर्ड चोरीला गेले आणि चोर थेट काकांच्या मेलमध्ये शिरला. सकाळी अख्ख्या सोसायटीला काकांच्या नावाने मेल: केस दाट करणारं खात्रीचं तेल! काकांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. अध्यक्षांनी जिन्यात गाठून विचारलं, "आपण स्वतः कधीपासून लावणार?"

काका हसले नाहीत. माझ्याकडे येऊन म्हणाले, "अगं, मेल उघडतच नाही. मुग्धाचे फोटो आहेत त्यात. नातीचेसुद्धा." मुग्धा त्यांची लेक, कॅनडात असते. काकू गेल्यापासून काका एकटेच. त्यांचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

नशीब, ते खातं मुग्धानेच स्वतःचा नंबर देऊन उघडून दिलेलं. तिच्या मोबाइलवर पासवर्ड बदलायचा कोड गेला, तिने फोन करून सांगितला, मेल उघडला. फोटो शाबूत होते. मग बापलेक कितीतरी वेळ बोलत बसले.

मी प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक पासवर्ड करून दिला. ते जपून ठेवणारं ॲपही दाखवलं. "डोकं गहाण नाही टाकलेलं मी," म्हणत काकांनी सगळे पाठ केले. पाढ्यांसारखे घडाघडा म्हणून दाखवायला लागले.

"अहो, मनात म्हणा!" मी ओरडले.

मेलचा तेवढा मात्र लक्षात राहीना. दर रविवारी सकाळी काका विसरलेले. की कोड कॅनडाला, आणि मुग्धाचा फोन इकडे. परवा मी वैतागलेच.

"बँकेचा आठवतो, गॅसचा आठवतो, मेलचाच कसा हो विसरता? थांबा, कोड तुमच्याच मोबाइलवर येईल असं करते."

"नको, नको!" काका घाईने म्हणाले. मग जरा थांबून, "नुसता फोन कर म्हटलं की तिला मीटिंग असते गं. कोड सांगायला मात्र लगेच करते. मग नातही बोलते."

तेवढ्यात फोन वाजलाच. "बाबा, परत विसरलात?"

"वय झालं गं," काका खुशीत म्हणाले, आणि खुर्चीत ऐसपैस बसले.

मी गुपचूप बाहेर आले. दार ओढून घेतलं. आणि नीट लागलंय ना, म्हणून पुन्हा एकदा ओढून बघितलं.