निळ्या ताडपत्रीचा कर

मानकर सरांच्या घरावर वरचा मजला नेमका केव्हा चढला हे सरांना आजही सांगता येत नाही. ते त्या दिवशी घरीच होते आणि त्यांना काहीच दिसलं नव्हतं. मजला त्यांना पहिल्यांदा भेटला तो एक एप्रिलला, कवठगाव नगरपरिषदेच्या कर विभागाच्या खिडकीवर.

उद्धवराव मानकर हे गणिताचे निवृत्त मास्तर. एक एप्रिलला लोक एकमेकांना फसवतात, मानकर सर घरपट्टी भरतात. खिडकी उघडायच्या आधी रांगेत उभं राहायचं आणि गावातली पहिली पावती आपल्या नावानं फाडून घ्यायची, हा त्यांचा नेम. याबद्दल नगरपरिषदेनं त्यांना एकदा शाल-नारळ देऊन 'आदर्श करदाता' ठरवलं होतं. त्या सत्काराचा फोटो बैठकीत लावला आहे. घरी येणाऱ्याला चहाच्या आधी तो पाहावा लागतो.

खिडकीच्या आत इंद्रभान होता. तो सरांचा विद्यार्थी. सरांना पाहताच खुर्चीवरून उठला, खिडकीतून वाकून नमस्कार केला आणि मग आकडा सांगितला. आकडा मागच्या वर्षीच्या चौपट होता.

"अरे, दुसऱ्या कोनाचा सांगून राह्यला तू. नीट पाह्य."

"तुमचाच हाये सर. खालचं घर जुनंच. वरचा मजला वाढला ना."

"कोनाचा मजला?"

"तुमचा. गच्चीभर हाये. निळ्या पत्र्याचा. वापर व्यावसायिक. खाद्यपदार्थ बनवनं, कामाले सात-आठ बाया."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांना ती निळी ताडपत्री आठवली आणि पायाखालची फरशी सरकली.

त्याचं असं झालं होतं. मागच्या उन्हाळ्यात शकुंतलाबाईंनी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. अख्ख्या आळीत एवढी मोठी गच्ची दुसऱ्या कोणाची नाही, म्हणून आळीतल्या सगळ्या बाया आपापला गव्हाचा चीक घेऊन तिथंच आल्या. चुलीपाशी ऊन लागतं म्हणून बांबू रोवून वर सोयाबीन झाकायची निळी ताडपत्री बांधली. नेमक्या त्याच दिवशी नगरपरिषदेनं नेमलेल्या कंपनीचं ड्रोन गावातली घरं मोजत वरून गेलं. बायांना वाटलं, कुठल्या लग्नाचं शूटिंग आहे. त्यांनी पदर सारखे केले, सोऱ्या खाली ठेवला आणि हात हलवले. ड्रोननं त्यांना कामगार म्हणून मोजून घेतलं.

"अरे, त्या कुरडया होत्या!" सर खिडकीतून ओरडले. "दोन दिवसात वाळल्या, ताडपत्री सोडली. चाल माझ्यासंगं. पुढच्या गल्लीत घर हाये. डोयानं पाह्य मजला हाये का."

"सर, पाहनं आमच्याकडं नाई. पाहाचं काम कंपनीले देलं होतं."

"मंग कंपनीले बोलाव."

"कंपनीचं पाहून झालं. त्यायनं बिल उचललं अन् गेले."

"बरं, जुना कर तरी घे. पहिली पावती फाड माह्या नावाची."

"कम्प्युटर अर्धा कर घेत नाई सर," इंद्रभान कळवळून म्हणाला. त्याचा कळवळा खरा होता आणि त्याचा उपयोग शून्य होता.

आयुष्यात पहिल्यांदा मानकर सर एक एप्रिलला पावतीशिवाय घरी आले. शकुंतलाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अवो, इतके वर्सं मी वर एक खोली मांगून राह्यली, ते तुमी देली नाई. ड्रोननं एका दिवसात देली."

ही गोष्ट मात्र खरी होती. बाईंना वर एक खोली हवी होती. मुलगा शंतनु खामगावला बँकेत होता, लग्नाचा झाला होता. पण परवानगी काढल्याशिवाय वीट ठेवायची नाही हा सरांचा हट्ट, आणि परवानगीचे हेलपाटे घालायची त्यांची हिंमत नव्हती.

सरांनी हरकतीचा अर्ज दिला. सुनावणीला दिवाळी उजाडली. सर रिकाम्या गच्चीचे फोटो घेऊन गेले. ऊन, पाण्याची टाकी, एक मोडकी बाज. समोरच्या साहेबांनी फोटो उलटसुलट पाहिले.

"यात मजला दिसत नाही," साहेब म्हणाले.

"तेच तर सांगतोय साहेब!"

"दिसणार कसा? तुम्ही मजल्याच्या वर चढून फोटो काढलाय. ही वरच्या मजल्याची गच्ची झाली. खालच्या मजल्याची दाखवा."

शून्यातून एक वजा करता येतो, पण साहेबांच्या डोक्यातून मजला वजा करता येत नाही, हे गणिताच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

बाहेर आल्यावर इंद्रभाननं त्यांना टपरीवर चहा पाजला. इकडेतिकडे पाहून तो म्हणाला, "सर, तुमी मास्तर होते म्हनून खरं सांगतो. तुमचा मजला आता निंघनं मुश्कील हाये. तो बजेटात गेला."

"मजला बजेटात कसा जाते बे?"

"ड्रोनले जेवढे मजले सापडले, तेवढ्याची वसुली बजेटात जमेकडं धरली. सभेनं मंजूर केली. खर्चाकडं चौकातलं कारंजं काढलं. आता तुमचा मजला काढला तं जमा घटते, अन् कारंज्याचं बिल कुठून देतीन?"

सरांनी चौकाकडे पाहिलं. कारंजं बांधून झालं होतं. मधोमध सिमेंटचं एक कमळ होतं आणि कमळावर एक कुत्रं झोपलं होतं. पाणी नव्हतं, कारण गावातच चार दिवसांआड नळ येतो.

"म्हंजे माह्या घरी नसलेल्या मजल्याच्या पैशानं, तुमी नसलेल्या पान्याचं कारंजं बांधलं?"

"तसंच म्हना."

"अन् त्या कौशल्याबाईचं काय? माह्या भिंतीले भिंत लागून त्यायचं घर हाये. खरंखुरं दुमजली, वर भाडेकरू. त्यायले किती लावला?"

इंद्रभान हळूच म्हणाला, "त्यायच्या घरावर कडूलिंब पसरला हाये ना सर. ड्रोनले निस्तं झाड दिसलं. मोकळी जागा लागली."

आता सांगा, माणसानं काय करावं? ज्याच्या घरावर माणसं राहतात ती मोकळी जागा, आणि ज्याच्या गच्चीवर कुरडया वाळल्या तो कारखानदार! सरांनी चहा अर्धा टाकला आणि घरी आले. पलीकडच्या अंगणात कौशल्याबाई कडुलिंबाला पाणी घालत होत्या. रोज घालतात. त्यांनी विचारलं, "काय झालं गुर्जी, निंघाला का मजला?" सरांनी दार लावून घेतलं.

जानेवारी आला आणि वसुलीची मोहीम निघाली. एका सकाळी खामगावहून शंतनुचा फोन आला.

"बाबा, तुमी बसस्टँडवर काय करून राह्यले?"

"मी तं घरीच हावो."

"नाई, तुमी तिथं लटकून राह्यले. मले मित्रानं फोटो पाठवला."

सर चप्पल घालायचं विसरून बसस्टँडवर गेले. नगरपरिषदेनं थकबाकीदारांचा भलामोठा फ्लेक्स लावला होता. बाकीच्यांची नुसती नावं होती. फोटो एकट्या मानकर सरांचा होता, कारण अख्ख्या यादीत नगरपरिषदेकडे फोटो फक्त त्यांचाच निघाला. तोच फोटो. अंगावर शाल, हातात नारळ, चेहऱ्यावर कृतार्थ हसू, आणि खाली लाल अक्षरात 'गावाच्या विकासाचे मारेकरी'.

हे इतक्यावर भागलं असतं तर सरांनी दात-ओठ खाऊन सहन केलं असतं. पण शंतनुचं लग्न लोणारच्या निशिगंधाशी जमत आलं होतं, आणि दोन दिवसांनी तिचे वडील बसनं कवठगावला बैठकीला येणार होते. बसमधून उतरल्यावर त्यांना आधी होणारा व्याही दिसणार होता, आणि तो असा.

सरांनी बँकेतून पैसे काढले आणि त्याच दुपारी सगळा कर शास्तीसकट भरला. पावती हातात घेऊन म्हणाले, "इंद्रभान, आता तो फ्लेक्स उतरव."

"सर, लावाचा ठेका देल्ला होता. उतरवाचा ठेका कोनाले देल्ला नाई."

शेवटी भर दुपारी सर स्वतः शिडीवर चढले. शकुंतलाबाईंनी खालून शिडी धरली. फ्लेक्स काही सुटेना, तेव्हा सरांनी सत्कारात मिळालेली ती शाल फ्लेक्सवरच्या आपल्याच तोंडावर, खालची लाल अक्षरं झाकतील अशी बांधली आणि खाली उतरले. लोणारचे पाहुणे आले, त्यांनी शाल पाहिली, आणि कोणा पुढाऱ्याच्या फोटोचं अनावरण व्हायचं असेल असं समजून पुढे निघाले. लग्न जमलं.

पण सरांच्या डोक्यात आग होती ती होतीच. त्या संध्याकाळी ते गच्चीवर एकटेच येरझाऱ्या घालत होते. बाई वर आल्या तसे ते थांबले.

"शकुंतला, पैसे मोजले ना आपन? वरच्या मजल्याचे?"

"मोजले."

"मंग तो मजला कुठं हाये? भाजीवाल्याले पैसे देल्ले तं तो भाजी देते. मले माहा मजला पाह्यजे!"

दुसऱ्या दिवशी ते बांधकाम परवानगीचा अर्ज घेऊन नगरपरिषदेत गेले. इंद्रभाननं कम्प्युटर पाहिला आणि अर्ज परत दिला.

"याले परवानगी कशी भेटीन सर? मजला तं हाये."

"तो नाई रे बाबा, म्हनून बांधतो!"

"कागदानं हाये. कर भरला तुमी. हाये त्याची परवानगी देता येत नाई. त्याच्या वरचा मांगता का?"

सरांच्या चेहऱ्यावर, त्या फोटोनंतर पहिल्यांदाच, हसू आलं. परवानगी लागतच नव्हती! ज्या हेलपाट्यांच्या धाकानं त्यांनी इतकी वर्षं बायकोचा रोष सोसला, ते हेलपाटे नगरपरिषदेनं आपण होऊन माफ केले होते.

खामगावहून पत्रे आणले. निळेच आणले, म्हणजे कागदाशी फरक नको. शंतनुच्या लग्नाआधी वर ऐसपैस दोन खोल्या उभ्या राहिल्या आणि सूनबाई त्या मजल्यावर राहायला आली. सरांनी सत्यनारायण घातला. शकुंतलाबाई हिरवं लुगडं नेसून वरखाली करत होत्या, आळीतल्या बाया जमल्या होत्या, आणि सरांच्या मनावरचा धोंडा उतरला होता. आता कागदावर जे होतं तेच घरावर होतं. हिशेब जुळला होता. गणिताच्या माणसाला याहून मोठं सुख नाही.

इंद्रभान प्रसादाला आला तो धावतच जिना चढला. हातात पेढ्यांचा पुडा आणि एक कागद.

"सर, अभिनंदन! नवीन मुख्याधिकारी आले. त्यायनं सगळ्या हरकती एका झटक्यात निकाली काढल्या. तुमचा वरचा मजला रद्द झाला! घ्या, आदेश."

सरांच्या हातातला शिऱ्याचा द्रोण तसाच राहिला.

"इंद्रभान, तू आता कुठं उभा हाये?"

"वर."

"वर म्हंजे कुठं?"

इंद्रभाननं भिंतींकडे पाहिलं, निळ्या पत्र्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे पाहिलं. "कागदानं म्हनसान तं सर... गच्चीवर."

"नाव लाव परत! हा मजला हाये. मी अर्ज देतो."

"चुकूनही देऊ नका. परवानगी कुठं हाये तुमच्यापाशी? अर्ज देल्ला का हा बेकायदा मजला झाला. पाडून टाकतीन."

"पन परवानगी तूच देल्ली नाई!"

"तवा मजला होता ना सर."

सर उसळून उठले होते, ते खोलीतल्या माणसांकडे पाहून खाली बसले. पलीकडे नवी सून हौसेनं पडदा लावत होती. शकुंतलाबाईंनी सरांकडे असं पाहिलं, की गणिताच्या मास्तरला अर्ज, हरकत, कायदा हे सगळं त्या एका नजरेत वजा झाल्यासारखं वाटलं.

एक एप्रिलला सर पुन्हा पहिले आले. आकडा जुनाच, खालच्या घरापुरता. पावती त्यांनी न वाचताच खिशात टाकली. इतकी वर्षं इमानानं कर भरला आणि आज पहिल्यांदा ते अर्ध्या घराचा कर चुकवून घरी चालले होते, तेही पावती घेऊन! पुढच्याच आठवड्यात नगरपरिषदेनं त्यांना सभागृहात बोलावलं. नवी शाल, नवा नारळ. 'आदर्श करदाता'. भाषण करा म्हणाले तेव्हा सर माइकसमोर उभे राहिले. "मी गावाले खरं सांगतो," एवढं म्हणाले. तेवढ्यात पहिल्या रांगेत बसलेल्या शकुंतलाबाईंनी जोरात टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

बसस्टँडवर त्याच खांबावर नवा फ्लेक्स लागला. फोटो जुनाच वापरला होता, अक्षरं तेवढी हिरवी होती.

त्या संध्याकाळी कौशल्याबाई अंगणात पाणी घालत होत्या. मानकर सर खाकरत भिंतीपाशी आले. शेजारणीकडे त्यांनी आजवर कधी काही मागितलं नव्हतं. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, वर आभाळात एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"कौशल्याबाई, तुमच्या कडूलिंबाचं एखादं रोप भेटीन काय? जरा लवकर वाढनारं पाहा."