आधी अंगठ्याला लावा

हर्षालीची मुलगी चार दिवसांची झाली तरी तिच्या बेंबीला कोणी राखबिख काही लावलं नाही, हे महिपतना सहन होईना. महिपत म्हणजे हर्षालीचे सासरे, भातसा धरणावर तीस वर्षं व्हॉल्व फिरवून निवृत्त झालेले. व्हॉल्व कधी फिरवायचा ते साहेब फोनवर सांगायचे, पण आख्ख्या मुंबईला आपणच पाणी दिलं अशी त्यांची समजूत होती. एवढी मुंबई सांभाळलेल्या माणसाला एक बेंबी काय जड, हे ओघानंच आलं.

गावातली आशा कार्यकर्ती अनिता हिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नाळ कोरडी ठेवा, हात धुऊन बाळाला घ्या, बाकी काही लावू नका, आपोआप गळून पडेल. काहीच न करायला सांगण्यासाठी सरकार बाई नेमतं, याचं महिपतना हसू येई. त्यांचा मुलगा रितेश पहाटेच आटगावला गाडी पकडायला जायचा. घरात वाद पेटला की नेमकं कामावर असण्याची त्याला उपजत कला होती.

हर्षालीला मात्र राखेची धास्ती होती. तिच्या बहिणीच्या बाळाला मुरबाडकडे अशीच राख लावली होती. बेंबीत पू झाला आणि ते एवढंसं पोर कल्याणला दहा दिवस काचेच्या पेटीत पडून होतं. आपल्या लेकीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. पण त्या घरात महिपतना नाही म्हणायची रीत नव्हती. सासूबाई सकुबाईंनीही चाळीस वर्षांत ते धाडस केलं नव्हतं.

पाचवीच्या सकाळी महिपत गोवरीची राख वस्त्रगाळ करून, वाटीत घेऊन, बाळंतिणीच्या खोलीकडे निघाले. नजर सगळी वाटीवर. उंबऱ्याला अशी ठेच लागली की अंगठ्याचं नख अर्धं उचकटलं. राख मात्र त्यांनी सांडू दिली नाही.

"आबा, रगत येतंय," हर्षाली म्हणाली आणि बोलता बोलताच तिला सुचलं. "हीच राख आधी तुमच्या अंगठ्याला लावा ना. तुमाला उतार पडला का बाळाला लावू."

महिपत अडकले. नको म्हणावं तर राखेवरचा विश्वासच खोटा ठरतो. त्यांनी ऐटीत अंगठा राखेनं बरबटला.

दुसऱ्या दिवशी अंगठा ठणकायला लागला. राख म्हशीच्या शेणाची होती, गाईच्या शेणाची हवी, असा त्यांनी शोध लावला. गाईच्या राखेनं सूज घोट्यापर्यंत चढली. मग हळद आणि खोबरेल झालं, मग उगाळलेली सुपारी. हर्षाली रोज सकाळी अदबीनं विचारायची, "आबा, अंगठा कसा हाय? आज बाळाला लावू का?"

"थांब जरा. औषध मुरायला टाइम लागतो," महिपत भिंतीकडे बघत म्हणायचे.

नवव्या दिवशी पाय चपलेत शिरेना. तेव्हा सकुबाईंनी चाळीस वर्षांचं मौन मोडलं आणि नवऱ्याला जीपमध्ये कोंबलं. शहापूरला डॉक्टरनं उरलेलं नख उपटून पू काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं आणि जखम कोरडी ठेवा, घरचं काही लावू नका म्हणून दरडावलं. इकडे त्याच दुपारी लंगोट बदलताना सुकलेली नाळ हर्षालीच्या हातात आली. खाली बेंबी कोरडी, स्वच्छ होती. दार लोटून ती पोटभर रडली.

बारशाला वाडीवरची भिमी कसल्याशा तेलाची बाटली घेऊन आली. दारातच पट्टीचा पाय पाटावर ठेवून बसलेल्या महिपतनी तिला अडवलं. "बाळाच्या बेंबीला काय लावाचं नाय. मी सोता पायावर लावून बघितलंय. आन् आधी हात धू."

आतून अनिता हे ऐकत होती. हेच सांगत घरोघर फिरून तिच्या चपला झिजल्या होत्या, पण शोध महिपतचा म्हणून तिनं मुकाट मान्य केला. तेव्हापासून कुणी बाळंत झाली की ती त्या घरच्या सासऱ्याला सल्ल्यासाठी महिपतकडे धाडते. आपला अनुभव लोकांना पटतोय म्हणून महिपत खुशीत पाय पुढे करतात. सासरा तो बिननखाचा अंगठा नीट बघून घेतो आणि काही न विचारता घरी जातो.