दिघेकाकांचा सिग्नल

डब्लिनच्या सिटीवेस्ट भागात आमच्या बिल्डिंगजवळ लॉकडाऊनमुळे बंद असलेलं एक सलून आहे. त्याच्यापुढे दिघेकाका रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी थांबतात. तिथे रस्ता ओलांडायचा नसतो, बसही येत नाही. मिनिटभर समोर बघत उभे राहतात आणि पुन्हा चालू लागतात. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "सिग्नल हाय."

मी चारी दिशांना बघून घेतलं. सिग्नल कुठेच नव्हता.

काका कराडचे, भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. आमच्या वरच्या मजल्यावर त्यांचा डॉक्टर मुलगा राहतो. त्याच्याकडे दोन महिने राहून पुढे मेलबर्नला मुलीकडे जायचं, असं ठरवून आले आणि ऑस्ट्रेलियाने दारं लावून घेतली. त्याला आता वर्ष झालं. मुलगा सदा ड्यूटीवर, म्हणून काकांना फिरवून आणायचं काम माझ्याकडे आलं. खरं तर तेच मला फिरवतात. इथल्या भुरभुर पावसात, छत्री धरून, "सावलीनं चल पोरी, ऊन लई हाय," असं म्हणतात. मला तर काळजीच वाटायला लागली होती.

कशाचीही चतुःसीमा सांगायची त्यांना खोड. इथे कपाटाला 'प्रेस' म्हणतात, तर माझ्या किचनमधल्या प्रेसचीही सांगून झाली: पूर्वेस फ्रिज, पश्चिमेस भिंत. पण खरे रंगतात ते ग्लेन वेव्हर्लीत. मुलगी राहते ते हे मेलबर्नचं उपनगर. काकांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण तिथली कचऱ्याची गाडी कधी येते, लायब्ररीला पायऱ्या किती, सगळं तोंडपाठ. "लाइनीचं शेवटचं स्टेशन. गाडीत झोप लागली तरी माणूस चुकायचं न्हाई," हे मला आठवड्यातून तीनदा ऐकावं लागतं.

फेब्रुवारीत घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायची बंदी होती. एका सकाळी तरुण गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, आम्हाला हटकलं. कुठे निघालात?

"ग्लेन वेव्हर्ली," काका ठामपणे म्हणाले.

"किती लांब आहे ते?"

"वन पॉइंट फोर किलोमीटर."

"यू आर ग्रँड सो," म्हणजे मग ठीक आहे, असं म्हणत त्याने जाऊ दिलं.

पुढच्या वळणावर मी काकांना धरलंच. हे चाललंय काय?

काका जरा लाजले. "लेक माझी, मृदुला, संध्याकाळी सातला बाळाला बाबागाडीत घालून निघती. तिकडं सात, तवा हितं सकाळचे आठ. तिकडं आता उन्हाळा, सातलाबी ऊन असतं. नकाशावर तिचा रस्ता मोजला आन् हितं आखला. सलूनपुढं तिचा सिग्नल येतो. ती थांबती, मी थांबतो."

मग छत्री झटकत म्हणाले, "आई न्हाई तिला. बाळंतपण मीच करणार हुतो. डिंकाचे लाडू वळायला शिकलो हुतो बघ."

"तिला माहीत आहे? तुम्ही रोज बरोबर चालता ते?"

"छ्या! सांगितलं तर रडंल. बाळंतिणीनं रडू नये."

माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मी बाळंतीण नव्हते, त्यामुळे चाललं.

गेल्या सोमवारी काकांचा पाय मुरगळला. आठला पाच मिनिटं असताना त्यांचा फोन आला. आवाज पार पडलेला. "पोरी, जिना उतरवत न्हाई. आन् ती तिकडं निघायची वेळ झाली. आज एकटी पडंल गं."

मी चहा तसाच ठेवला, जॅकेट चढवलं आणि निघाले. पाऊस होताच. तरी सावलीच्या बाजूने चालले आणि आठ दहाला सलूनपुढे थांबले.

कुत्रा फिरवणाऱ्या एक आजी जवळ येऊन थबकल्या. "आर यू ऑल राइट, लव्ह?"

"ग्रँड," मी म्हटलं. "सिग्नल आहे."