नदीला गोळ्या देणारे आप्पा

आमच्या निमोण्यात एक महाभाग आहेत, ते नदीला औषध देतात. हो, नदीलाच! सकाळी अंघोळ आटोपली की आप्पा पिशवी घेऊन घोड नदीच्या घाटावर जातात, मूठभर गोळ्या पाण्यात सोडतात आणि वर हात जोडतात.

गोळ्या गावातल्याच. आमची माणसंही धन्य! ताप उतरला की औषध बंद, उरलेलं पाकीट फडताळात. आप्पा दारोदार फिरून ती मागतात. "उरलंय का काय? द्या, वाया जाया नगं." कोंबड्यांच्या शेडवरची मुदत संपलेली पावडरसुद्धा सोडत नाहीत. मी शाळामास्तर, मला राहवेना. म्हटलं, "आप्पा, अक्कल गहाण ठेवलीत का?" तर मलाच शिकवायला लागले.

"गुर्जी, मानसाला गुन येतो, कोंबडीला येतो. मंग नदीनं काय तुमचं घोडं मारलंय?"

पाण्यावर फेस दिसला की हा माणूस खूश! "बघा, घान वर याया लागली." कपाळावर हात मारून घ्यायचा, दुसरं काय.

मग त्यांच्या बायकोला, पारूमामींना, घाटावर धुणं धुताना पायाला काच लागली. एवढीशी जखम, पण चिघळली. पाय मांडीपर्यंत सुजला. शिरूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे नदीच्या पाण्यातले जंतू दिसतात. औषधांना इतके सरावलेत की नेहमीचं काही लागूच पडत नाही. आता एकच इंजेक्शन उरलंय. त्यानंही उतार पडला नाही तर पाय काढावा लागेल."

माझं डोकंच फिरलं. दवाखान्याच्या ओट्यावर चार माणसांदेखत आप्पांना झापलं. "ऐकलंत? रोज थोडंथोडं चारून जंतूंना पैलवान केलंत तुम्ही! मूर्खपणाला काही हद्द?"

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हंजी म्याच केलं व्हय?"

"तुम्ही एकट्यानंच नाही. शेडांचं, दवाखान्यांचं, सगळ्यांचं सांडपाणी जातं तिथं. पण तुमचाही हात आहेच. मिळालं काय नदीची सेवा करून?"

"नदीची कोन करतंय, गुर्जी?" ते खाली बघून बोलत होते. "पानी नासलं तवाच हिला म्हननार व्हतो, घाटावर जाऊ नगं. पर जीभ रेटली न्हाई. पोरी दौंडला दिल्या. गावभर बडबडतो, पर घरात तिच्याशी काय बोलावं, मला कवा जमलंच न्हाई. दिसभर गप ऱ्हाती बिचारी. घाटावर चार बायांत बसली की हसती. पार घरापत्तूर ऐकू येतं मला. म्हनलं, तिला कशाला आडवायचं, पान्यालाच बरं करू."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

आतून नर्स आली. "मामी जाग्या झाल्यात, तुम्हाला बोलावतायत."

आप्पा उठले, दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

"पैलं हेच इचारंल, घाटावर कवा जाऊ म्हनून," ते म्हणाले. "तुमी सांगा गुर्जी तिला. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."