हरिभाऊंची दुसरी चावी

हरिभाऊ गाडीचं दार उघडण्याआधी चावीनं काचेवर दोनदा टकटक करतात. मग जरा थांबतात आणि मगच चावी कुलपात घालतात. आत कोणी नसतं, हे त्यांनाही माहीत असतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी विचारलं, "आतून कोणी ओ देणार आहे का?" तर अगदी गंभीरपणे म्हणाले, "बाई, न सांगता शिरायला ती काय धर्मशाळा आहे?"

हरिभाऊ आमच्या मोखाड्याच्या शाळेतले क्लार्क. मी तिथंच गणित शिकवते. राहायला दोघंही जव्हारला, एकाच आळीत. त्यामुळे रोजचं जाणं-येणं त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून. मी मागे बसायचं, कारण पुढच्या सीटवर त्यांचा डबा बसतो. त्याला ते पट्टाही लावतात. वळणावर आमटी सांडते म्हणे. माझं डोकं खिडकीवर आपटतं, त्याचं काही नाही.

चावी ते खिशात ठेवत नाहीत. बनियनला आतून कप्पा शिवून घेतलाय, त्यात चावी आणि वर सेफ्टी पिन. म्हणजे गाडी उघडायची तर भर बाजारात शर्टाची दोन बटणं काढून आत हात घालायचा. एकदा मोखाड्याच्या नाक्यावर एक बाई धावत पाणी घेऊन आली. ओरडत होती, म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली. हरिभाऊंनी पाणी प्यायलं, तिला आशीर्वाद दिला आणि गाडी उघडली. 'म्हातारा' या शब्दाचा राग मात्र जव्हारपर्यंत पुरला.

गाडी गॅरेजात दिली तरी चावी देत नाहीत. स्वतः आत बसून राहतात. मेकॅनिकनं गाडी जॅकवर चढवली की हरिभाऊही तिच्याबरोबर वर, मांडीवर पेपर पसरून.

"एवढा जीव टांगणीला लागतो, तर दुसरी चावी करून घ्या की," मी कितीदा म्हटलं.

"दुसरी आहे."

"कुठंय?"

"आहे तिथं आहे."

पुढं विचारलं की गाडीचा वेग वाढायचा, म्हणून मी विचारणं सोडलं. त्याऐवजी त्यांचं तत्त्वज्ञान ऐकायचं. गाडी घेताना विकणाऱ्यानं सांगितलं होतं की ही फक्त आपल्या दोन चाव्यांनाच ओळखते, तिसरी आणली तर सुरू होणार नाही. हे हरिभाऊंच्या मनात घर करून बसलं. "बोहाड्याच्या जत्रेत कसं, सोंग ज्या घराचं त्या घरानंच नाचवायचं. रावणाचा मुखवटा उद्या तुम्ही चढवलात तर लोक ढोल वाजवतील का?" मी रावणाचा मुखवटा कशाला चढवीन, असं विचारलं तर म्हणाले, "उदाहरण दिलं. रागावता काय?"

आता दुसऱ्या चावीचं सांगायला हवं, आणि त्यासाठी भास्करभाऊंचं. गाडी खरं तर दोघांची. हरिभाऊंचं लग्न राहून गेलेलं. भास्करभाऊंचं मेन रोडला कापडाचं दुकान. शाळेत एका बाकावर बसले ते पन्नाशी उलटली तरी उठलेच नाहीत. दोघांनी मिळून गाडी घेतली, चावी प्रत्येकाला एक. रविवारी शिरपामाळावर जायचं, शेंगा खायच्या, आणि येताना गिअर कोणी चुकीचा टाकला यावर भांडायचं. भांडण आमच्या आळीत शिरेपर्यंत चालू असायचं. आम्हाला घड्याळ बघावं लागत नसे.

मग भास्करभाऊंची बायको गेली. दुकान चालेना. मुलगा म्हणाला, कल्याणला चला. हरिभाऊंना ते सोसलं नाही. आमच्या दारात, सगळ्यांसमोर म्हणाले, "जा. गेलास तर या गाडीत परत पाय ठेवू नकोस." माणूस रागात काय वाट्टेल ते बोलतो. भास्करभाऊही कमी नाहीत. पिशवी उचलली आणि एसटीनं गेले. त्याला दोन-तीन वर्षं झाली. फोन नाही, काही नाही. नाव निघालंच तर हरिभाऊ 'तो कल्याणवाला' म्हणतात. भास्करभाऊंची चावी त्यांच्याबरोबर गेली, हे मात्र आळीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही दाभोशाला गेलो. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या जनाबाईंचं माहेर तिथलं. त्यांच्या घरी नवं होतं. म्हणजे शेतातला नवा भात आधी देवाला दाखवायचा आणि मगच घरानं खायचा. जनाबाईंचे वडील सोनूबाबा यांनी आम्हाला आवर्जून बोलावलं होतं.

जेवायला वेळ होता. हरिभाऊंनी खिशातून चावीचं नवं कोरं कव्हर काढलं. जुन्याला तडे गेले होते, आणि दर दसऱ्याला चावीची पूजा करून करून त्या तड्यांत हळदकुंकू कायमचं बसलं होतं. त्यांनी बारका स्क्रू काढला, लोखंडी पातं नव्या कव्हरात बसवलं, स्क्रू आवळला. चावी लग्नाला निघाल्यासारखी दिसायला लागली. राहिलं जुनं कव्हर.

"हळदकुंकू लागलंय, कचऱ्यात कसं टाकणार?" असं म्हणून त्यांनी ते झेंडूच्या फुलासकट पळसाच्या पानात गुंडाळलं. नदीवर गेले, पँट वर करून पाण्यात उतरले, हात जोडले आणि दिलं सोडून. मी काठावरून ओरडले की प्लास्टिक नदीत टाकू नका. "पूजेतलं आहे," ते म्हणाले. त्यांच्या मते पूजेतलं प्लास्टिक हे प्लास्टिक नसतं.

जेवण झकास झालं. नवा भात, तुरीचं वरण, काकडी. निघताना हरिभाऊंनी काचेवर टकटक केली, दार नेहमीसारखं उघडलं. चावी फिरवली. इंजिन गुरगुरलं, जरा धरलं आणि गप्प झालं. परत फिरवली, परत तेच. समोर चावीचं चित्र असलेला लाल दिवा लुकलुकत होता. हरिभाऊ उतरले, दार लावलं आणि पुन्हा टकटक करून बसले. मला वाटतं त्यांनी माफीसुद्धा मागितली.

सोनूबाबा पडवीतून बघत होते. म्हणाले, "आपण नवं खाल्लं, तिला नाय दिलं. म्हणून रुसली." जनाबाईंनी लगेच बॉनेटवर भाताचं शीत ठेवलं. ते कोंबडीनं खाल्लं. आम्ही जीपनं घरी आलो.

मग नाशिकहून चावी करणारा माणूस दाभोशाला गाडीपाशी आला, लॅपटॉप घेऊन. चाळिशीचा, बोलायला मोकळा. त्यानं चावी हातात घेतली, कव्हर उघडलं, बंद केलं.

"काका, दार फक्त पात्याचे दात बघतं. दात जुळले की कुलूप उघडलं. इंजिन दातांना विचारतच नाही. चावीच्या डोक्यात एक चिप असते, डाळीच्या दाण्याएवढी. चावी फिरवली की गाडी तिला विचारते, तू कोण? चिपनं बरोबर नंबर सांगितला तरच इंजिन चालू ठेवायचं. चिप जुन्या कव्हरात असणार. ते कुठंय?"

आम्ही सगळ्यांनी नदीकडे बघितलं. सोनूबाबांनीसुद्धा.

"हरकत नाही," तो म्हणाला, "नवी चिप गाडीला शिकवतो. पण दुसरी चावी असेल तर ती आणा. नवी शिकवताना जुनी पाटी सगळी पुसली जाते. जी चावी समोर असेल ती परत लिहितो. नसेल ती गाडी विसरली म्हणून समजा."

हरिभाऊंचा चेहरा बदलला. "विसरली म्हणजे?"

"दार उघडेल तिनं. गाडी सुरू नाही होणार."

"म्हणजे तो आला, दार उघडून आत बसला, चावी फिरवली, आणि गाडी त्याला म्हणाली, तू कोण?"

"तो कोण?" त्या माणसानं विचारलं.

"नको," हरिभाऊ म्हणाले. "राहू दे. चावी करायची नाही."

नाशिकपासून आलेला माणूस, त्याला काय वाटलं असेल. उद्यापासून एसटीच्या दांड्याला लोंबकळत मोखाड्याला मी जायचं, आणि हे म्हणतात राहू दे.

गाडी सोनूबाबांच्या अंगणात उभी राहिली. "राहू द्या हितं," ते म्हणाले, "तिला काय गवत घालायचं नाय." कोंबड्यांनी गाडीखाली संसार थाटला. हरिभाऊ दर रविवारी जीपनं दाभोशाला जायचे, गाडी पुसायचे, तिच्याजवळ बसायचे आणि परत यायचे. बॅटरी उतरत चालली होती. असंच चाललं तर गाडी भंगारात जाणार, हे त्यांना कळत होतं. एका रविवारी मीही बरोबर गेले, भांडायचंच ठरवून.

"त्यांना फोन करा आणि चावी मागवा. सरळ गोष्ट आहे."

हरिभाऊ बराच वेळ काच पुसत राहिले. मग म्हणाले, "बाई, मी मागितली तर तो पाठवील. भला माणूस आहे. कुरियरनं चावी येईल, तो येणार नाही. मग त्याच्याकडे इथलं काय राहिलं?"

मी भांडायला गेले होते आणि भांडण तिथंच विसरले. बनियनमधला तो कप्पा, ती सेफ्टी पिन, ते गॅरेजात गाडीत बसून राहणं. आपली चावी हरवली तर नवी करावी लागेल आणि नवी केली तर भास्करभाऊंची पुसली जाईल, या एका भीतीपायी सगळं. चिपचं त्यांना ठाऊक नव्हतं, पण तिसरी चावी आली की पहिल्या दोघींचं काही खरं नाही, एवढं त्यांनी मनाशी धरलं होतं. मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, कारण इतकं प्रेम असून दोघांपैकी एकालाही फोनचं एक बटण दाबवत नव्हतं.

घरी येऊन मीच फोन लावला.

"भास्करभाऊ, मी वैशाली. हरिभाऊंच्या शेजारची. गाडी दाभोशाला बंद पडलीय. तुमच्या चावीशिवाय काम होत नाही."

पलीकडून आवाज आला, "त्यानं सांगितलं का फोन करायला?"

"छे. त्यांना कळलं तर मला गाडीतून उतरवतील."

"मग खरं असणार." पुढं म्हणाले, "चावी आहे. घराच्या जुडग्यातच आहे. सून विचारते, ही कुठली हो? मी म्हणतो, असू दे." आणि विचारलं, "कुरियरनं पाठवू का?"

माझा तोल गेला. "कुरियरवाला येऊन गाडी चालवणार आहे का? मुकाट्यानं जव्हारची एसटी धरा."

मोठ्या माणसाशी असं बोलू नये. पण त्या दोघांशी नीट बोलून कोणाचं भलं झालंय?

पुढच्या रविवारी चावीवाल्याला परत दाभोशाला बोलावलं आणि भास्करभाऊंना घेऊन मी जीपनं गेले. हरिभाऊ नेहमीप्रमाणे आधीच पोचले होते, बॉनेट पुसत होते. मान वर केली आणि फडकं तसंच हातात राहिलं. दोघं एकमेकांकडे बघत उभे. मी मनात म्हटलं, आता बोला, नाहीतर इथंच दोघांना नदीत सोडते, हळदकुंकू लावून.

"जाड झालास," हरिभाऊ म्हणाले.

"गाडी उन्हात का लावलीस?" भास्करभाऊ म्हणाले.

झालं. एवढंच. चावीवाल्यानं आपल्या बॅटरीची वायर जोडली, भास्करभाऊ आत बसले, चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. खालच्या कोंबड्या चहूकडे पळाल्या, सोनूबाबांनी हात जोडले. हरिभाऊ पाठ करून मागची काच पुसायला लागले. ती आधीच पुसलेली होती.

चावीवाल्यानं लॅपटॉप लावला. काम करता करता भास्करभाऊंना म्हणाला, "मी मागंच करून देणार होतो हो. पण हे काका ऐकेनात. तुमची चावी गाडी विसरेल म्हणून इतके दिवस गाडी अशीच ठेवली."

भास्करभाऊंसमोर कापणीला आलेला भात होता, तिकडे बघत राहिले. नंतर त्यांनी चष्मा काढला आणि हरिभाऊंच्या हातातलं फडकं घेऊन पुसला.

अर्ध्या तासात काम झालं. चावीवाल्यानं नवी चावी हरिभाऊंच्या पुढे धरली. "घ्या काका, लावून बघा."

हरिभाऊंनी हात पुढे केला नाही. "आधी त्याची लावा."

भास्करभाऊंनी आपली चावी लावली. गाडी सुरू झाली.

"बंद कर," हरिभाऊ म्हणाले. "परत लाव."

परत सुरू झाली. मग त्यांनी आपली चावी घेतली.

येताना मी मागेच बसले. पुढं भास्करभाऊ होते आणि डबा माझ्या मांडीवर होता. जव्हारच्या स्टँडवर कल्याणची एसटी लागलेली होती. भास्करभाऊ उतरले, जुडगं खिशात टाकलं आणि खिडकीशी वाकून विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ का?"

हरिभाऊ समोर बघत म्हणाले, "शनिवारीच ये. रविवारी एसटीला गर्दी असते."