तुकाबापूंचा खुला भाव

आमच्या शेजारच्या तुकाबापूंना कळू न देता घरात नवी वस्तू आणायची सोय नव्हती. मी मनगटी घड्याळ घेतलं, तेव्हा त्यांनी ते उलटसुलट बघितलं, भाव विचारला आणि ओट्यावर उभं राहून साऱ्या आळीला सांगितला. बायकोनं लुगड्याची किंमत मला कमी सांगितली होती, तीही त्यांच्याच कृपेनं उघडी पडली. "सायेब, भाव खुला पायजे," ते म्हणायचे, "आपल्याकडं कायदा हाय."

काष्टीच्या बैलबाजारात बापू दलाल आणि मी बाजार समितीचा निरीक्षक. पूर्वी सौदा उपरण्याखाली व्हायचा. दलाल आणि गिऱ्हाईक कापडाआड एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत, आणि मधल्यामधे दलालानं किती खाल्लं हे बैलाच्या मालकाला कळत नसे. समितीनं ते बंद केलं. भाव मोठ्यानं पुकारायचा, असा नियम आला. बाकीचे दलाल माझ्याशी बोलेनासे झाले. बापूंनी मात्र लायसनचा बिल्ला छातीवर लावला आणि स्टेशनापर्यंत जाईल असा आवाज काढला.

आसपासचे सगळे बाजार त्यांनी पालथे घातलेले. "आष्टीकडं निजाम हुता तवा जनावर न्यायला नाक्यावर दाखला लागायचा. आता नाकाबी गेला. भीमेपल्याड अजून कोन कोन उपरनं काढत्यात. आमी न्हाई. आता मला चोर म्हनायला कुनाला जागा हाय का?"

दुष्काळाच्या साली बाजारात जनावरं मावेनात आणि गिऱ्हाईक मिळेना. अशा एका शनिवारी शेजारच्या गावचे अण्णा आपला खिलार बैल घेऊन आले. याच बैलानं तालुक्याच्या प्रदर्शनात पहिला नंबर काढला होता, तेव्हा त्याला गुलालानं माखून वाजतगाजत घरी नेलं होतं. भल्याभल्यांनी मागूनही अण्णांनी तो दिला नव्हता. आता चारा संपला होता. बघे जमले. गिऱ्हाइकानं बापूंच्या कानात भाव सांगितला.

बापूंनी पुकारायला तोंड उघडलं, खाकरले आणि गळ्याकडे बोट दाखवलं. घसा बसला म्हणे. मग खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी अण्णांच्या हातावर टाकलं आणि त्याखाली बोटं दाबली. बाकीचे दलाल माझ्याकडे बघायला लागले. अण्णांनी मान डोलावली. गिऱ्हाइकानं माझ्याही कानात सांगितलेला आकडा मी पावतीवर लिहिला आणि ती अण्णांच्या हातात दिली. नियमाप्रमाणे तो मोठ्यानं वाचायचा असतो, पण नेमका तेव्हा मला चष्मा सापडेना. त्या दिवशी आमच्या बाजाराचा मला जितका अभिमान वाटला, तितका पुन्हा कधी वाटला नाही.

संध्याकाळी बापू आळीच्या टोकापासून वांग्यांचा भाव सांगत आले.

"बापू, घसा?" मी विचारलं.

ते माझ्या ओट्यावर टेकले. इतक्या वर्षांत त्यांना हळू बोलताना मी तेव्हा प्रथमच ऐकलं.

"त्या बैलाचा गुलाल समद्या तालुक्यानं बघितला, सायेब. त्याचा पडेल भाव कुनी कशाला ऐकायचा?"